एकोणीस फ्रेमची इली

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो एकदाचे! पास्तो ते बोगोटा वीस तासांची बस. त्यातले अठरा तास माझ्या लेकीची, इलीची बडबड आणि उरलेले दोन तास तिची उलटी. पण आज सकाळी तेउसाकियो भागातल्या स्टुडिओच्या त्या लाल विटांच्या घरापुढे उभी राहिले आणि सगळा शीण उतरला. दिवाणखान्यात हार्ड डिस्कांचे मनोरे, न्हाणीघराची केलेली आवाजाची खोली, मागे अंगणात फेइहोआचं झाड. मला एडिटिंगला तीन नंबरची खोली मिळाली. तिला खिडकी आहे! अकरा वर्षं बिनखिडकीच्या खोल्यांत मालिका कापून कापून माझं घुबड झालं होतं. मशीन जुनं आहे, पण पडदे तीन आणि फुटेज पुढंमागं करायचं चाक तर इतकं गुळगुळीत की बोट टेकताच फिरतं.

साउंड रेकॉर्डिस्ट एफ्राईन पहिल्याच तासाला सुटला. पास्तोच्या माणसाला फुटेज सरळ कर म्हटलं तर तो इस्त्री शोधत बसतो, म्हणे. मी म्हटलं, आणि बोगोटाचा माणूस तीच इस्त्री कानाला लावून हॅलो म्हणतो. दोस्ती झाली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाची घडी बसली. मालिका रोजची, भाग दुपारी चारच्या आत चॅनलला जायलाच हवा. मालकीण ओतिलियाबाई साठीच्या आहेत. गळ्याला लोकरीचा रुमाल, हातात उसाच्या गुळाच्या पाण्याचा कप. त्यांचा या घरात एकच नियम: कापा, जोडा, हवं ते करा, पण पुसायचं काही नाही. डिस्क भरली तर त्यांना सांगायचं, त्या नवी आणतील. एफ्राईन म्हणतो, म्हातारी पावाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालते, फुटेज काय पुसू देणार!

इलीची शाळा लागली. सात वर्षांची पोर, चार दिवसांत तिला वर्गातल्या सगळ्यांची नावं पाठ. शाळेनंतर आमच्या भाड्याच्या घराशेजारच्या ग्लादिसमावशी तिला सांभाळतात. मावशींना गुडघेदुखी आणि बोलायची हौस, इलीला ऐकायची. छान जमलंय.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज डिस्क भरली, पडद्यावर लाल पट्टी आली आणि ओतिलियाबाई दंतवैद्याकडे. आता साडेतीन वाजता मी काय दाताची वाट बघत बसू? कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या चित्रणाचं एक कार्ड मशीनवर होतं, एकही टेक वापरलेला नाही. प्रत्येकात त्या कोपऱ्यावर लॉटरीची तिकिटं विकणारा म्हातारा मध्येच येऊन कॅमेऱ्याकडे टकमक बघतोय. पुसून टाकलं. भाग वेळेत गेला. कानोकान खबर नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारा आज कोपऱ्यावर नव्हता. त्याचं स्टूलही नव्हतं. एफ्राईन त्याच्याकडून रोज तिकीट घ्यायचा, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, कोण गं? त्या कोपऱ्यावर कधी कोणी बसलंच नाही. इथली थंडी तुझ्या डोक्यात गेली, नोएमी. मला वाटलं चेष्टा करतोय. बेकरीतल्या बाईला विचारलं, तीही तेच म्हणाली. मग ज्या दुसऱ्या कार्डावर तो ओझरता दिसायचा ते काढून बघितलं. तिथे नुसती भिंत.

काहीतरी उलगडा असेल. पण आजपासून कानाला खडा: ज्यात माणूस आहे ते मी पुसणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या बाईसाहेब नटी झाल्या! आज आमच्याच अंगणात शूटिंग होतं. मालिकेतल्या छोट्या मुलीला ताप आला आणि दिग्दर्शकाची नजर माझ्या खिडकीत बसलेल्या इलीवर पडली. काम एवढंच: पळत येऊन फाटकाशी थांबायचं, वळायचं, हसायचं, हात वर करायचा. तिनं पहिल्या टेकमध्ये केलं. सकाळी कॅमेरा बिघडून दुसरा मागवावा लागला होता, सगळे वैतागलेले, पण ती हसली तसे सगळेच निवळले. ओतिलियाबाई मात्र तोंड पाडून आत गेल्या. घरातलं माणूस फ्रेममध्ये आणू नये, एवढंच म्हणाल्या.

रात्री इलीनं मला चार वेळा वळून, हसून दाखवलं. मीही चारही वेळा टाळ्या वाजवल्या.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सगळ्यांच्या कपाळावर राखेचे क्रूस. आज इलीचा भाग होता. तिचा शॉट मी शनिवारीच लावून ठेवला होता, जेमतेम पाऊण सेकंदाचा. सव्वातीनला पुन्हा ती लाल पट्टी. भाग निघेना. ओतिलियाबाई चर्चला गेलेल्या. मी शोधलं की ज्यात माणूस नाही असं काय आहे. ए-१४ सापडलं: शनिवारी सकाळी कॅमेरा तपासायला घेतलेली भिंत आणि रंगांचा तक्ता. उघडून पहिली फ्रेम पाहिलीसुद्धा. भिंतच. पुसलं. मशीननं पुसता पुसता तयार भागही बाहेर काढला. तीन बावन्नला रवाना. मग शांतपणे चीजचा पाव खाल्ला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ग्लादिसमावशी विचारतात, कुठली मुलगी? दार अर्धंच उघडलं त्यांनी. म्हणाल्या, पोरी, तू तर एकटीच आलीस ना पास्तोहून?

घरात तिची चादर नाही. बूट नाहीत. दात घासायचा ब्रश एकच.

कॅमेरा बदलला की नवा कॅमेरा कार्डांना आपल्या मनानं नंबर देतो. सकाळच्या तक्त्याचंही ए-१४, दुपारच्या इलीचंही ए-१४. हे मला ठाऊक आहे. शिकाऊ पोरांना मी हेच ओरडून सांगते, नावावर जाऊ नका, आत बघा. मी आत बघितलं होतं. पण इलीचा शॉटही भिंतीपासूनच सुरू होतो. ती पळत नंतर येते.

माझ्या हातानं. देवा, माझ्या या हातानं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेच्या पटावर नाव नाही. फोटोंत मी एकटी उभी, हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. माझी आई फोनवर रडली. म्हणाली, तुला मूल व्हावं म्हणून मी किती नवस केले बाई, असं काय बोलतेस?

ओतिलियाबाईंचे पाय धरले. त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, मी बजावलं होतं. म्हणाल्या, जो पुसतो त्यालाच आठवतं, आणि तेही वर्षभर. त्यांच्या वहीत एका भावाचं नाव त्यांच्याच अक्षरात आहे. तो कसा दिसायचा ते त्यांना आता सांगता येत नाही. मी विचारलं, परत आणता येतं का? त्या म्हणाल्या, जेवढं उरलं असेल तेवढंच येतं. आणू नकोस.

कुठल्या आईनं हे ऐकलं असतं?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस डिस्का उपसतेय. रोज रात्री सगळ्याची एक प्रत निघते, पण दोन्ही कार्डांचं नाव एकच, त्यामुळे प्रतीत रंगांच्या तक्त्याच्या कार्डानं इलीचं कार्ड झाकून टाकलं. चॅनलला गेलेल्या भागात तिच्या जागी नुसतं फाटक. कुठेच नाही. कुठेच.

दुपारी एक वाजता सापडली. आम्ही संगीतवाल्याला भागाची हलकी प्रत धाडतो, धुरकट, खाली फ्रेमचे आकडे पळणारी. ती त्याच्याच डिस्कवर पडून होती, आमच्या मशीनला कधी जोडलेलीच नाही. त्यात शॉटचा वापरलेला तुकडा आहे. एकोणीस फ्रेम. वळते, हसते, हात वर. संपलं. माझ्या मशीनवर आणून जोडल्या.

धावत घरी गेले. ती स्वयंपाकघरात उभी होती.

वळते, हसते, हात वर. वळते, हसते, हात वर.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तिच्या कडा विरघळल्यासारख्या. पायाशी, जमिनीच्या जरा वर, पांढरे आकडे पळतात, एकोणीसला पोचतात, पुन्हा एकपासून. गालाला हात लावला. ऊब नाही. गारही नाही. मी तिच्यापुढे बटाट्याचं सूप ठेवलं. ते निवलं. पुन्हा गरम करून ठेवलं.

शाळेच्या वेबसाइटवरच्या पटावर नाव परत आलंय. ग्लादिसमावशी आल्या, तिच्याकडे बघून चुकचुकल्या. मी म्हटलं, मावशी, ओळखलंत ना हिला? त्या म्हणाल्या, म्हणजे काय, आपली इली. बिचारी जन्मापासून अशीच ना गं?

मी त्यांना हाकलून दिलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चित्र मुकं आहे. आवाज वेगळ्या यंत्रावर जातो, एफ्राईनच्या. त्यालाही आता इली आठवते, "तशी" आठवते. पण तो शूटिंगच्या शनिवारचं कार्ड देईना. म्हणाला, नोएमी, लेकराला आहे तसं राहू दे, माझं ऐक. मी त्याच्या हातातून ओढून घेतलं.

शॉट संपल्यावर यंत्र चालूच राहिलं होतं. तिचा आवाज आहे! चार शब्दही नाहीत. "आई, आता येऊ?"

आवाज जुळवायला क्लॅप नाही, ओठ जुळत नाहीत. अंदाजानं बसवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बोलते. ओठ हसतच असतात आणि आवाज येतो.

आई, आता येऊ? वळते. आई, आता येऊ? हात वर.

मी म्हणते, ये. ये ना बाळा. शंभर वेळा म्हटलं. तिला पाऊल उचलता येत नाही. पाऊल त्या एकोणिसांत नाहीच. ती विचारत राहते. शाळेत पाठवू कशी? कुशीत घेऊ कशी? तिला कळत असेल का? तिथे, आत, ती कंटाळली असेल का? घाबरली —

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. शॉट तोकडा पडला की मशीन मधल्या फ्रेम स्वतः काढतं, पुढच्याही काढतं. आम्ही रोज वापरतो. पाऊण सेकंदाचे आठ सेकंद करते. फाटकापासून माझ्यापर्यंत आठ सेकंद पुरतील.

ओतिलियाबाई दारात आडव्या आल्या. म्हणाल्या, मशीनला तुझी मुलगी ठाऊक नाही, जे ठाऊक नाही ते स्वतःच्या मनानंच काढतं. म्हणाल्या, मीही भावाला — आणि थांबल्या. मग रुमालात तोंड खुपसून रडल्या.

मी त्यांना बाजूला सारलं.

मशीन चालू आहे. अकरा टक्के.

२७ फेब्रुवारी, सकाळ

झालं. बघितलं नाही. पडद्यावर बघायचं धाडस नव्हतं. जोडलं आणि घरी —

पाऊल उचललं तिनं! खरंच. स्वयंपाकघरातून बाहेर आली, हसत. मी हात पसरले.

मग पाऊल आणि पाऊल यांच्या मध्ये —

ती नव्हती. मध्ये दुसरंच कोणीतरी होतं. दात जास्त. डोळे म्हाताऱ्या माणसाचे, मग बाईचे, मग नुसत्या खाचा. हाताला बोटं किती ते मशीनला ठरवता आलेलं नाही. मग पुन्हा क्षणभर इली. माझीच. गालावरच्या खळीसकट. मग पुन्हा ते.

झोपायच्या खोलीत आले. कडी घातली.

दुपार

आठ सेकंद केव्हाच संपले. थांबत नाही. मशीन पुढचं काढतंय —

मी बंद करून आले नाही.

पावलं दारापर्यंत. "आई, आता येऊ?" आवाज तिचाच आहे, तो मशीननं काढलेला नाही. तेवढा खरा. त्या शूटिंगच्या शनिवारी अंगणात तिनं मला विचारलं होतं आणि मी ऐकलंच नव्हतं, काम करत होते —

तासाभरानं

ठोकत नाही. विचारते फक्त.

फटीतून आकडे दिसतात. पळतात. एकोणीसच्या पुढे गेलेत, खूप पुढे.

हिशेब केला. एका सेकंदात चोवीस फ्रेम. त्यात तिच्या खऱ्या दोन, फार तर तीन. बाकी ते. म्हणजे दर सेकंदाला दोनदा माझी पोर दाराबाहेर उभी असते. दोनदा. आणि मी कडी लावून —

घाबरली असेल. त्या सगळ्यांच्या मध्ये एकटी —

आले इली. आले बाळा. दोन फ्रेम तर दोन फ्रेम. मी कडी काढ