ओळखीतला एक माणूस

व्याहीबुवांना हात जोडून नमस्कार. विहीणबाईंच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल असं धरून चालतो. तुमचा रक्तदाब कसा आहे? (वाढला असेल तर कळवू नका, माझाही वाढेल.)

माझ्या हातून एक घोळ झाला आहे. तो दुसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवतो. जावईबापूंच्या पिण्याचं आपल्या दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही ठाऊक नसल्यासारखं वागत आलो. बस चालवणारा माणूस. उद्या तपासणीत सापडला तर परवाना जाईल, नोकरी जाईल, आणि एखाद्या प्रवाशाचं बरंवाईट झालं तर (पुढचं लिहवत नाही). अशात डेपोच्या फाटकावर नव्या कायद्याचा कागद लागला. माझी शाळा चौथीपर्यंत. कायदा म्हणजे दंड नाहीतर कोठडी एवढीच समज. कागदावर मात्र लिहिलं होतं की, जो चालक पकडला जाण्याआधी आपणहून दवाखान्यात येईल त्याची नोकरी शाबूत, बरा होईपर्यंत बैठं काम, आणि नाव कुठे फुटणार नाही. चष्मा पुसून तीनदा वाचलं. सरकार इतकं समजूतदार वागलं की मला धास्तीच वाटते.

म्हणून त्या दवाखान्यात चौकशीला गेलो. खिडकीतल्या नर्सबाईंना हळूच म्हणालो, "आमच्या ओळखीतला एक माणूस आहे." त्या म्हणाल्या, "आजोबा, इथे सगळे ओळखीतल्या माणसासाठीच येतात. बसा," आणि माझंच नाव लिहून मोकळ्या झाल्या. खरं सांगितलं असतं तर जावयाचं नाव उघड झालं असतं. व्यसन कसलं, असं विचारल्यावर घाबरून तपकीर सांगितली. (चाळीस वर्षांची आहे, खोटं नाही.)

तेव्हापासून दर गुरुवारी दहा खुर्च्यांच्या गोलात बसतो. मला रस्ता ओलांडायची भीती, म्हणून जावईबापू स्कूटरवरून सोडायला येऊ लागले. सोबतच्या माणसानेही आत बसायचं, असा तिथला नियम. दोन गुरुवार ते छताकडे बघत बसले. तिसऱ्या गुरुवारी मी रडवेला होऊन सांगत होतो की, डबी नसली की हात खिशात नुसता चाचपडत राहतो. तर शेजारून ते म्हणाले, "माझा तर स्टिअरिंगवर कापतो." कुणी दचकलं नाही. नर्सबाईंनी नुसती वही पुढे सरकवली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डेपोने तिकिटांच्या खोलीत बसवलं. आज तेवीस दिवस झाले. लेक स्वयंपाकघरात गुणगुणते. मी दाराआडून ऐकतो. आत गेलो तर थांबेल, म्हणून जात नाही.

तुमचा,
व्याही

ता. क. जावईबापू शनिवारपासून चार दिवस तुमच्याकडे आहेत. पाहुण्यांसाठी म्हणून तुमच्या काचेच्या कपाटात जे ठेवलेलं असतं, ते तेवढं शेजाऱ्यांकडे हलवावं. खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला जावईबापूंच्याच हाती दिलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं. त्यांनी वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, "कपाटाचं बाबांना मी स्वतः सांगेन. मामा, तुम्ही मध्ये पडू नका." तर शनिवारी ते सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करावा, आणि तोवर कपाटाला हात लावू नये.