आईसाठी प्लेअर, बजेट पंधराशे

६ जानेवारी
आईचा रेडिओ आज कायमचा गेला. ओट्यावरून पडला. आई म्हणते, हात लागला. काचबिंदूमुळे तिला आता नुसता उजेड-अंधार कळतो, त्यामुळे तिला काही म्हणता येत नाही. ओट्यावर ठेवला कोणी हे बायकोला, उज्वलाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. घरात शांतता राखण्याचं काम शेवटी माझ्याकडेच असतं.
निर्णय : आता रेडिओ नाही. छोटा म्युझिक प्लेअर. पेन ड्राइव्ह लागणारा, हातात धरून कुठेही नेता येणारा. बजेट पंधराशे. उज्वला शाळेत शिकवायला, मुलगी सृष्टी क्लासला, मी कंपनीत. आई अर्धा दिवस एकटी. तिला गाणी हवीत.
एकोणीस वर्षं परचेसला काढलेला माणूस घरात आहे. चार दिवसांत विषय संपेल.

८ जानेवारी
साहेबांनी बोलावून घेतलं. मला परचेसमधून स्टोअर्सला हलवलंय. तिथे तुमच्यासारखा बारकाईने बघणारा माणूस पाहिजे, म्हणाले. कटिंग ऑइलच्या ऑर्डरला सात आठवडे लागले, त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. मोठ्या मनाचा माणूस. माझ्या जागेवर आलेली मुलगी फोनवर ऑर्डर देऊन मोकळी होते. बघू किती दिवस टिकते.
प्लेअर : एक्सेल शीट उघडली. अकरा कॉलम.

११ जानेवारी, रविवार
एमजी रोड. सात दुकानं. एका दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? आई, वय अठ्ठ्याहत्तर, दिसत नाही, असं सांगितलं. त्याने मान वर न करता एक लाल डबा पुढे सरकवला. सगळे म्हातारे हाच नेतात म्हणे. म्हणूनच घेतला नाही. बॅटरी किती चालते विचारलं तर म्हणाला, चालते की भरपूर. ‘भरपूर’ हे शीटमध्ये कुठल्या कॉलमला टाकायचं?
घरी आल्यावर आईने विचारलं, आणलास का. म्हणालो, अभ्यास चालू आहे. समाधान झालं असावं. चाचपडत आत गेली.

१५ जानेवारी, संध्या. ७.३०
कंपनीतून आलं की रोज दीड तास रिव्ह्यूचे व्हिडिओ. इअरफोन लावूनच बघतो, आईला त्रास नको. आज ती चाचपडत शेजारी येऊन बसली आणि काहीतरी विचारलं. एक कान मोकळा केला. कंपनीत आज काय झालं, असं विचारत होती. काही नाही, म्हणालो. परत लावला. बराच वेळ बसून होती. बरं वाटलं. घरातल्यांनी असं एकत्र बसलं पाहिजे.

१९ जानेवारी
उज्वला म्हणाली, अहो, एकदा आईंनाच विचारा ना काय हवंय ते. विचारलं. मोठं बटन पाहिजे, बस, असं म्हणाली. युजर काय, इतकंच सांगणार. मोनो-स्टिरीओ, एफएम, कार्डची क्षमता हे आपणच ठरवावं लागतं.

२३ जानेवारी
लाज आली. सिलिंडर आणणारा माणूस उज्वलाला म्हणाला, मॅडम, आजी सोडतच नाहीत हो. दारात वीस मिनिटं उभा करून त्याला आमच्या सटाण्याच्या जुन्या घराचं, कांद्याच्या चाळीचं सगळं सांगितलं म्हणे. आईला नीट समजावलं, लोकांना कामं असतात. हो म्हणाली.
प्लेअर : तीन मॉडेल फायनल. ‘ए’ला एफएम नाही. ‘बी’ची बटणं बारीक. ‘सी’ सगळ्यात चांगला, पण पुढच्या महिन्यात सेल आहे. आत्ता घेणं म्हणजे मूर्खपणा.

३ फेब्रुवारी
दुपारी दोनला उज्वलाचा कंपनीत फोन. शेजारच्यांनी कळवलं, दार उघडं, आई घरात नाही.
हाफ डे टाकून धावलो. दोन जिने कठड्याला धरून उतरली, कुणाचा तरी हात धरून मेन रोड ओलांडला आणि समोरच्या सिटी बसच्या स्टॉपवर जाऊन बसली. स्टॉपला लागून भाजीची गाडी लावणाऱ्या वत्सलाबाईंनी पाणी दिलं होतं. मी पोचलो तेव्हा दोघी हसत होत्या. आईला हसताना पाहून मला आणखीच राग आला.
वत्सलाबाई म्हणाल्या, “दादा, तीन तास झाले बसल्यात. म्हटलं घरी सोडते, तर नको म्हणाल्या. इथं बरं वाटतं म्हणाल्या.”
रस्ता ओलांडून देणारा कोण, ते आईला पाठ होतं. मालेगावचा, सातपूरला शिफ्टला येतो, दोन मुली, थोरलीचं लग्न ठरतंय. अनोळखी माणसाची एवढी चौकशी कशाला, हे मला कळत नाही.
निष्कर्ष : करमणूक नसली की म्हातारं माणूस भरकटतं. प्लेअर आता अर्जंट.

४ फेब्रुवारी
तोपर्यंत दाराला बाहेरून कुलूप. फक्त साडेनऊ ते दोन, उज्वला येईपर्यंत. सुरक्षेचा प्रश्न आहे. उज्वला म्हणाली, मला हे पटत नाही, आणि सकाळी न लावताच गेली. मी कोपऱ्यावरून परत येऊन लावलं. घरात कुणीतरी व्यवहारी असावं लागतं.

८ फेब्रुवारी, रविवार
लता आली. धाकटी बहीण, ओझरला असते. स्टॉपचं कळल्यावर येताना आईसाठी प्लेअर घेऊन आली. दुकानात किती वेळ लागला विचारलं. दहा मिनिटं. बॉक्स उघडून बघितला तर तोच लाल डबा.
आईने तो मांडीवर घेतला. बटन सापडलं. सुरू झाला. तो चालू असतानाच तासभर दोघी बोलत राहिल्या, गाण्यांकडे लक्षच नव्हतं. म्हणजे आवाजाचा दर्जा काय असेल बघा.
लता गेल्यावर टेस्टिंगला घेतला. चार स्क्रू काढून बॅटरी पाहिली. लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्मीसुद्धा नसणार, मी म्हटलंच होतं. परत लावताना एक बारीक वायर निघाली. त्यानंतर सुरू झाला नाही. इतक्या हलक्या मालाचं हेच होतं. आईला सांगितलं, कंपनीचाच फॉल्ट.

१२ फेब्रुवारी
लता न सांगता आली, दुपारी बाराला. दाराला बाहेरून कुलूप. आई आतून दाराला टेकून बसली होती. लता म्हणते, चावी घेऊन उज्वला येईपर्यंत दोन तास ती जिन्यात बसली आणि दोघी दाराच्या फटीतून बोलल्या.
संध्याकाळी मी आलो तेव्हा ओझरला न्यायला आईची पिशवी भरलेली होती. लताला सगळं समजावलं, जिने, ट्रॅफिक, जबाबदारी. ती म्हणाली, “दादा, तू आईला कोंडलंस. मला अजून काही ऐकायचं नाही.” आवाज चढवला नाही तिने. तो चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.
आईने जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. चार दिवस हवापालट होईल. बरंच आहे.

२० फेब्रुवारी
सेल लागला. ‘सी’ घेतला. बाराशे नव्वद. बजेटमध्ये. एका चार्जिंगमध्ये चौदा तास. बटणावर मी स्वतः उंचवट्याची पट्टी चिकटवली. आता आईला यावंच लागेल.
उज्वलाला दाखवला. छान आहे, म्हणाली, वह्या तपासता तपासता.

८ मार्च, रविवार
ओझरला गेलो. आई अंगणात चार बायकांच्यात बसून लसूण सोलत होती. न बघता, माझ्यापेक्षा भरभर. लताने दुसरा प्लेअर घेतलेला नाही, हे आल्याआल्या लक्षात आलं. म्हणजे मैदान मोकळं होतं.
प्लेअर तिच्या हातात दिला. बोट धरून बटन दाखवलं. गाणं सुरू झालं. बायका आदराने गप्प झाल्या. अर्धं कडवं झालं नसेल, आईने बटन चाचपून बंद केला. आपल्या अहिराणीत म्हणाली, “थांब जरा, चंद्रभागा सांगी राहिनी ना.” शेजारची चंद्रभागा पुढे सुरू झाली, तिच्या जावेच्या ऑपरेशनबद्दल. आई मध्येमध्ये विचारत होती, मग काय झालं.
चहा झाल्यावर म्हणालो, आई, आता घरी कधी येतेस?
ती म्हणाली, “कसाले?”
रागाने नाही. खरंच विचारत होती. मी पूर्ण तयारीत होतो. चौदा तास चालतो, म्हणालो. ती थोडा वेळ थांबली, आणखी काही येतंय का म्हणून. मग लसणाचं ताट पुढे ओढलं.
प्लेअर परत आणला.
संध्याकाळी उज्वलाने विचारलं, काय म्हणाल्या आई. सांगितलं, कशाला यायचं, असं विचारलं. मग तुम्ही काय म्हणालात? तेही सांगितलं. ती म्हणाली, एवढंच म्हणालात?
हो. दुसरं काही सुचलं नाही.