घरी निघालेल्या सखूबाई

मंगळवार, संध्याकाळ

आज सखूबाईंना दवाखान्यातून सुट्टी देणार होतो. "मेंढरं वाट बघायलीत," म्हणत त्या गाठोडं बांधून बसल्या होत्या. तेवढ्यात लॅबच्या देशमुख मॅडमचा फोन. "डॉक्टर, सखूबाईंच्या रक्तातलं पोटॅशियम रोज चढतंय. बीपीची नवी गोळी बंद करा, आधी ईसीजी काढा."

खरं वाटेना. बाई तर हसत होत्या! पण ईसीजी काढला, तर ठोके बिघडलेले. हृदय कधीही थांबलं असतं. लगेच इंजेक्शन दिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ठोके सावरले.

"मला तं कायबी होत नव्हतं," सखूबाई म्हणाल्या. "मग रगताला कसं कळलं?"

पुंडलिकनगरला घरी आलो तरी तेच डोक्यात. रोज त्यांच्याजवळ उभा राहणारा मी, मला काही दिसलं नाही. मॅडमनी तर त्यांचा चेहराही पाहिला नव्हता.

दवाखान्यातून निघण्याआधी मॅडमना वॉर्डात घेऊन गेलो होतो. सखूबाईंनी त्यांचा हात धरला, तो सोडेचनात.