दोरीवरचं वटवाघूळ

सिहोरा

प्रिय प्रेरणा,

काल दुपारी शेजारच्या खुशीनं मोबाइलवर आपला तो जुना भुताचा सिनेमा शोधून दिला. हवेलीतल्या खुनाचा, ज्यात वटवाघळाची दोरी स्पष्ट दिसते. तुमसरहून कॅसेट आणून बाजाराच्या दिवशी ताडपत्रीच्या मांडवात मी तो कितीदा लावला असेल! सकाळी तलावातली मासळी विकायची आणि दुपारी दारात बसून तिकिटं फाडायची. तू सगळ्यांत पुढे पोत्यावर बसायचीस. भुताच्या मनगटावर घड्याळ आहे, हे तूच पहिल्यांदा ओरडून सांगितलंस. सारा मांडव हसला. मग पडद्यावरचं दार करकरलं आणि तू धावत येऊन माझ्या कुशीत शिरलीस.

खुशीही आधी हसतच होती. अर्ध्यावर तिनं पाय खाटेवर ओढून घेतले. "सगळं खोटं दिसते, तरी भेव काहून लागते, आबाजी?" तिनं विचारलं. मला रात्रभर वाटत राहिलं, तो सिनेमा काढणाऱ्या लोकांजवळ दाखवायला फार काही नव्हतंच. ते नुसता अंधार दाखवायचे, त्यातलं भूत आपलं आपण रचायचो.

फोनवर तू तब्येत विचारतेस, मी 'बरी आहे' म्हणतो, आणि बोलणं संपतं. मुलगा जातीबाहेरचा म्हणून मी तुझ्या लग्नाला आलो नाही, असं तू धरून चाललीस. मीही ते कधी खोडलं नाही.

पोरी, मी आलो होतो. नवा सदरा घालून, वरठीहून गाडी धरून, नागपूरच्या त्या हॉलच्या फाटकापर्यंत. आत तुझ्या सासरची माणसं कोट घालून उभी होती. हाताला मासळीचा वास तर येत नाही ना, म्हणून मी तीनदा हुंगून पाहिलं. कोणी मला काही बोललं नव्हतं. फाटकावरच्या माणसानं आदरानंच विचारलं, "कोणाकडून आले, काकाजी?" मी म्हणालो, "चुकून आलो," आणि परत फिरलो. तुझी आई असती तर हात धरून आत घेऊन गेली असती.

फोनवर हे तोंडातून निघत नव्हतं, म्हणून लिहिलं. तुझ्या लेकीला मी अजून पाहिलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो. स्टेशनवर घ्यायला ये, बाई. तुझ्या दारापर्यंत एकट्यानं येणं मला अजूनही जमायचं नाही.

तुझाच,
बाबा