डोक्यावर ८.८

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार. सकाळी ९.४०

लालसिंग शेटच्या जळालेल्या शेडचे बोल्ट डिझेलमध्ये धूत होतो. ९६. दोनदा मोजले.

आत साठवलेलं कुटार, सोयाबीनचा भुसा, पेटलं आणि अख्खं छत खाली आलं. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या वाकल्या, पण सुटल्या जोडावरच! तिथले बोल्ट ताणून तुटलेले. हे ९६ मात्र दिसायला चांगले. डोक्यावर ८.८ स्पष्ट, म्हणजे हायटेन्सिल, जास्त ताण सोसणारे.

आमच्या वर्कशॉपचे मालक एजाजभाई म्हणाले, "रंग जळला बे, लोखंड थोडी जळते! ब्रश मार अन् तेच लाव."

रविवारी नवं छत बसवायला याच बोल्टांच्या भरवशावर माझा जोडीदार जगदेव वर चढणार.

१३ नोव्हेंबर

भाई मालेगावच्या बाजारात गेले, तेवढ्यात करून पाहिलं!

नवा बोल्ट शिकंज्यात धरला, पान्याला दोन फुटी पाइप लावला. घट्ट झाल्यावर पाव फेरा — पुढे हलेना. मग शेडमधला. तोच पाइप, तोच हात. पाव, अर्धा, एक फेरा... नट फिरतोच आहे! काढून मापला. तीन मिलिमीटर लांब, मधे बारीक!

कदाचित तो आधीच खराब असेल. म्हणून आणखी एक नवा भट्टीत लाल केला, राखेत थंड होऊ दिला. तोही ताणला गेला! डोक्यावर ८.८ तसंच. आतला कडकपणा गेलेला.

दोन्ही बोल्ट फडक्यात बांधून ठेवले.

१४ नोव्हेंबर

भाईंना सांगितलं नाही. शब्द जुळवतोय.

१५ नोव्हेंबर

सांगितलं! भाईंनी स्वतः पाइप ओढला. नट फिरला तसा बोल्ट काढून स्वतः मापला. मग, "अबे रुशा, शाळा सोडून तू इंजिनीअर कवा झाला?" शेटला फोन करून नवे ९६ मागवले. जुने भंगारात. मी बोलल्यामुळे!

जगदेव पाठीत धपका घालून म्हणाला, "माही मान वाचोली तू, बावा!" चहा त्याच्याकडून. जाता जाता हसत म्हणाला, "अन् आपून गॅसनं लाल करून जाम नट सोडवतो, त्याईचं काय?"

मीही हसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५.१०

जुनी वही काढली. ४ जून, माझंच अक्षर: "मेडशी अंगणवाडी, पाण्याच्या टाकीचा स्टँड. आठपैकी पाच नट जाम. लाल करून सोडवले. तेच बोल्ट परत लावले. छान बसले."

त्या टाकीच्या सावलीत पोरं जेवतात.

तिथल्या सेविका ललिताबाईंना फोन करून उठवलं. टाकी रिकामी करा, म्हटलं. "काहून रे? काय झालं?" "माही चूक झाली, बाई."

पहिल्या एसटीने निघतो. देणं: पाच बोल्ट. घेतले सहा, नवे; एक जादा.