टी-रूमच्या भिंतीवरची आई

प्रिय नमे,

तुमच्या त्या गोऱ्यांच्या गावात येऊन काय काय बघावं, त्याचं रंगीत पत्रक आपल्या पेणपर्यंत पोचलं बरं का. समुद्रात घुसलेला लाकडी धक्का, कडा चढणारी चिमुकली गाडी, दीपगृह, आणि पाचव्या नंबरावर तुझी टी-रूम. जॅमच्या बरण्या, मलई लावलेले केक, किटलीला लोकरीची टोपी आणि भिंतीवर आपली आई. फोटोला चंदनाचा हार. वा गो बाई, जित्या माणसाला हार!

पत्रक आणलं रोह्याच्या दिनानाथकाकांच्या ऋत्विकने. कंपनीच्या कामाला तिकडे आला होता, सुट्टीत समुद्र बघायला गेला आणि पेणचे पोह्याचे पापड मिळतात म्हणून हौसेने तुझ्याकडे शिरला. तू नव्हतीस. टेबलावरच्या कार्डात त्याने वाचलं, माझ्या दिवंगत आईच्या हातची चव. होळीनंतरच्या रविवारी बिचारा पांढरा सदरा घालून आम्हाला भेटायला आला. दार उघडलं आईने. हात पिठाने भरलेले, कारण तुझ्याच पार्सलचे पापड लाटत होती. तो उंबऱ्यातच थिजला. भूत बघितल्यागत काय उभा राहिलास रे, म्हणाली, ये आत, चहा टाकते.

शेवटी सांगावंच लागलं त्याला. आईने पत्रक हातात धरून नीट बघितलं. मला एवढंच विचारलं, माझं नाव तरी घातलंय का गो? नव्हतं घातलं. हौसा हे नाव कुठेच नव्हतं. मग ती परत पोळपाटाशी बसली. राहिलेले सगळे पापड लाटले, वाळवले, डब्यात भरून तुला धाडले. पोचल्याचा निरोप तू पाठवलास, हसऱ्या तोंडाचं चित्र टाकून. मी तुला फोनवर फाडून खाणार होते, पण तिने मला देवाची शपथ घातली. का केलंस गो असं? मेलेल्या आईचे पापड गिऱ्हाइकाला जास्त गोड लागतात?

त्यानंतर ती तुझ्या फोनवर आली नाय. आई देवळात गेलीय, आई झोपलीय, असं मी सांगायचे आणि तुला ते पटायचं. गेल्या महिन्यात देवळात गेलीय म्हणाले तेव्हा ती हॉस्पिटलात होती. बरं, सांग हां तिला, म्हणून तू फोन ठेवलास. इतकी घाई!

आई गेली नमे. काल तेरावं झालं. नमीला कळवू नको, तिच्या लेखी मी कवाच गेलेय, असं तिने बजावलं होतं. तिचा शब्द पाळला, असं मी इथे सगळ्यांना सांगते. पण ते खरं नाय. हॉस्पिटलात शेवटचे दोन दिवस दार वाजलं की ती डोळे उघडायची आणि कोण आलं गो, म्हणून विचारायची. कुणाची वाट बघत होती ते मला कळत होतं. तुझा राग एवढा डोक्यात होता, की फोन हातात होता आणि मी तो लावला नाही.

तुझीच,
वैशालीताई