चाळीस वाव दोर

४ जून १९४३

दुपारी ‘केनोझा’वर हजर झालो. ग्रीनलंडच्या या खाडीत ऊन इतकं लख्ख पडलं होतं की हिमनगांकडे डोळे बारीक करूनच पाहावं लागत होतं. जहाज माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघालं. पण डेक घासूनपुसून स्वच्छ आहे, आणि माझ्या केबिनला चक्क खिडकी आहे. जेवायला उकडलेला कॉड, बीन्स आणि डब्यातले पीच होते. वाढता वाढता आचारी म्हणाला, “मास्तर, सावकाश जेवा, इथे घंटा होत नाही.” म्हणजे मी आमच्या लुबेक गावच्या शाळेत गणित शिकवायचो ही बातमी माझ्याआधीच जहाजावर पोचली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी अमेरिकी तटरक्षक दलाचा गणवेश चढवलेला माणूस थट्टेचा विषय होणारच. मला बरं वाटलं.

हे जहाज मी मागून घेतलं. फेब्रुवारीत सैनिकांनी भरलेलं एक मालवाहू जहाज पाणबुडीने बुडवलं, तेव्हा ‘केनोझा’ने एकशे एकतीस जणांना पाण्यातून वर काढलं. माझा धाकटा भाऊ टोबी त्या जहाजावर होता. तो त्या एकशे एकतीस जणांत नव्हता. तरी ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्याबरोबर काम करावं, असं मनाने घेतलं. निघताना आई एवढंच म्हणाली, “तिथे कुणाला ठाऊक असेल तर विचार, शेवटी तो एकटा होता का.”

हे मी कॅप्टन व्होरहीजना सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

६ जून

माझं काम ठरलं. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर पहाऱ्याचा अधिकारी पेन्सिलीने कच्ची नोंदवही लिहितो. तिची पक्की प्रत टाइप करायची, सही करायची, कॅप्टनची सही घ्यायची आणि वरच्या कचेरीकडे धाडायची. पुढे कुणी विचारलं तर खरं काय, हे पक्की प्रतच सांगणार. माझ्या आधीचे लेफ्टनंट किंबॉल फेब्रुवारी महिना अर्धवट ठेवून गेले. मे महिन्यात नांगरावरच्या जहाजावरून ते पाण्यात पडले. वारा नव्हता, लाटही नव्हती. पाय घसरला, असं सगळेच म्हणतात, आणि सगळे अगदी त्याच शब्दांत म्हणतात.

तांडेल एसा लेटन भला माणूस आहे, साठीला टेकलेला. पाण्यातली माणसं कशी काढतात ते त्याने दाखवलं. गारठलेल्या माणसाला फेकलेला दोर धरता येत नाही, म्हणून आपलाच एक जण रबरी पोशाख घालून उतरतो. त्याच्या कमरेला चाळीस वाव, म्हणजे दोनशे चाळीस फूट दोर असतो, आणि दुसरं टोक वर त्याच्या दोरकऱ्याच्या हातात. खालून तीन हिसके आले की समजायचं, माणूस धरलाय, ओढा. कमरेची गाठ दोरकरी मारतो आणि माणूस परत आला की तोच सोडतो, दुसरं कुणीही नाही. प्रत्येकाची गाठ निराळी. लेटन डावखुरा आहे, त्याच्या गाठीला एक वेढा जास्त असतो.

पाण्यातल्या माणसांना चढायला कठड्यावरून सोडतात त्या जाळीशेजारच्या आकड्यावर एक आखूड दोर टांगला होता. तो कुणाचा, म्हणून विचारलं. लेटन म्हणाला, मॅनी फुर्तादोचा. फेब्रुवारीत तो परत आला नाही. गाठ सुटलेली नाही, मग दोर गुंडाळून आत कसा ठेवायचा?

सवयीने वेढे मोजले. अकरा वाव.

९ जून

दोन मालवाहू जहाजांच्या सोबतीला बाहेर पडलो आहोत. समुद्र सपाट आहे. रात्र अशी होतच नाही, मध्यरात्री आभाळ थोडं राखाडी होतं इतकंच.

किंबॉलच्या खणात पाकिटभर कागदाचे तुकडे सापडले. जुळवले तर फेब्रुवारीची पक्की प्रत निघाली, खाली त्याची सही, ११ मे. म्हणजे सही करून नंतर त्याने ती फाडली. तो १३ तारखेला पडला.

दोर पुन्हा मोजला. चौदा. परवा मोजण्यात चुकलो असेन. अशा चुका मी मुलांना माफ करत नसे.

११ जून

घडलं तसं लिहितो, कारण आजच्या दिवसाबद्दल मला स्वतःचा भरवसा वाटत नाही.

कच्च्या वहीत १९ फेब्रुवारीला दोन वाजून दहा मिनिटांची नोंद आहे: ‘फुर्तादोचा दोर तुटला.’ शेवटच्या शब्दाखाली रबराने खोडलेलं आहे. कागद उजेडात तिरका धरला तर जुन्या शब्दाचा उठाव दिसतो: ‘कापला.’ किंबॉलच्या फाडलेल्या प्रतीत मात्र ‘तुटला’च आहे.

कॅप्टनना विचारलं. ते चिडले नाहीत, कॉफी मागवली. म्हणाले, “पिंकम, फुर्तादोच्या बायकोला वाटतंय की समुद्राने तिचा नवरा नेला. तिला वेगळं काही कळवायचं असेल तर पत्र तुम्हीच लिहा. ती दोन पोरांना घेऊन एकटी बसून वाचेल.” पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या ध्वनियंत्रावर पाणबुडीचा आवाज आला होता, म्हणाले. थांबलो असतो तर आणखी दीडशे गेले असते. “शाळेत बरोबर उत्तर एकच असतं, मास्तर.”

मी सही केली. दुपारी किनाऱ्याजवळून जाताना टपाल न्यायला आलेल्या बोटीने कागद गेले. बाईची दया आली म्हणून सही केली, की कॅप्टनसमोर बसवेना म्हणून? माझ्या मते दुसरं.

१३ जून

एकोणीस वाव. आता चूक नाही, तीनदा मोजला. आठवडाभर एक थेंब पाऊस नाही आणि दोराचं टोक ओलं आहे. चाखून पाहिलं. खारट.

आचाऱ्याला दाखवला. तो हसला नाही. म्हणाला, “साहेब, तो दोर आम्ही मोजत नाही.”

१५ जून

लेटन आपणहून केबिनमध्ये आला. टोपी हातात धरून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

त्याने सांगितलं ते असं. फुर्तादोचा दोरकरी तोच होता. खालून तीन हिसके आले होते. पाण्यात दोघे जण फुर्तादोला धरून होते. ध्वनियंत्रावरचा माणूस ओरडून सांगत होता की व्हेल आहे, पाणबुडी नाही. कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी इंजिन पूर्ण वेगात टाकायला सांगितलं आणि लेटनला म्हणाले, काप. “पाऊण मिनिटात ओढून घेतला असता, मास्तर. पाऊण मिनिट! आणि मी कुऱ्हाड उचलली. चाळीस वर्षं हुकूम ऐकलेला हात, मला न विचारताच उठला.” पुढे या कामगिरीबद्दल कॅप्टनना पदक मिळालं.

तो दाराशी गेला आणि तिथून परत फिरला. म्हणाला, “त्या दोघांपैकी एकाने टोपी काढून हलवली, आम्ही निघालो ते कळलं नव्हतं त्याला. डाव्या हाताला तीनच बोटं.”

टोबीची दोन बोटं सार्डिनच्या कारखान्यात गेली होती. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

मी लेटनला जायला सांगितलं. त्याला वाईट म्हणालो नाही, चांगलंही म्हणालो नाही.

१६ जून

आईला काय लिहू? तो एकटा नव्हता, हे खरं आहे. पण तो दोराला धरून होता. दोर जहाजाला बांधलेला होता. आणि तो तुटला असं मी सही करून सांगितलं आहे.

सकाळी जेवणाच्या टेबलावर कॅप्टन अंड्याचं कवच चमच्याने हलकेच फोडत होते. मी त्यांच्या मानेकडे पाहत होतो. मी देवाला मानणारा माणूस आहे, आणि जे मागितलं ते देवाकडे मागितलं नाही.

दोर सव्वीस.

१८ जून

लेटन गेला. सकाळी दहा वाजता, उन्हात, डेकवर सहा माणसं काम करत असताना. तो जाळीपाशी उभा होता. कुणाशी तरी बोलल्यासारखा म्हणाला, “आलो, मॅनी.” मग तो नव्हता. पाणी उडालं नाही. बोट उतरवून तीन तास शोधलं.

आकड्याखाली त्याची कुऱ्हाड व्यवस्थित भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती मी केबिनमध्ये आणली. का, ते ठाऊक नाही.

एकतीस.

१९ जून

कॅप्टनना म्हणालो, पक्की प्रत चुकीची आहे, दुरुस्ती पाठवू द्या. ते म्हणाले, “सही कुणाची आहे, मास्तर? पोरांच्या वहीत खाडाखोड चालत नव्हती ना तुमच्या?” मग आवाज उतरवून विचारलं, “तुम्हाला ऐकू येतो का? माझ्या दाराबाहेर. ओला दोर फरशीवरून ओढल्यासारखा—”

मी म्हणालो, नाही. मला ऐकू येत होता.

२० जून

हे लिहायलाच हवं, नाही तर ही रोजनिशी कशाला?

दोर सदतीस वाव झाला आहे. टोक डेकवर येऊन पडतं. दुपारी सगळे जेवत होते तेव्हा मी ते टोक उचललं. जड होतं, आणि थंडी हातमोज्यातून हाडात गेली. ते जिन्यावरून खाली नेलं आणि कॅप्टनच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं.

कुणी सांगितलं नव्हतं. मी केलं. हात माझाच होता, आणि मी त्याला विचारलं होतं.

२१ जून

कॅप्टन नाहीत. दार आतून बंद होतं. तोडलं. बिछाना भिजलेला. पदकाचा डबा उघडा, त्यात पाणी.

जहाजाचे दुय्यम अधिकारी म्हणाले, कच्च्या वहीत काय लिहू? मी म्हणालो, पाय घसरला.

मला आनंद झाला. खोटं लिहीत नाही. दुपारी मी दोन वेळचं जेवलो.

२२ जून

फेब्रुवारीची खरी प्रत टाइप केली. ‘कापला.’ नावं, वेळ, व्हेल, पाऊण मिनिट, सगळं. सही केली. बंदरात पोचताच पाठवीन. सगळं फिटलं, असं वाटलं.

मग किंबॉल आठवला. त्यानेही मागे घेतलं होतं. फाडून टाकलं होतं. तरी—

दोर पूर्ण चाळीस आहे. आकड्यावर नाही. जिन्यावर आहे. माझ्या बाजूच्या.

२३ जून, सकाळ

झोप नाही. फरशीवर ओढल्याचा आवाज. थांबतो. पुन्हा.

कॅप्टनने हुकूम दिला. लेटनने कापला. ‘तुटला’ असं दोघांनी लिहून दिलं, एक किंबॉल. दुसरा—

टोबी, मला माहीत नव्हतं. उठाव दिसला होता, तरी म्हणतो, माहीत नव्हतं.

२३ जून, बहुतेक दुपार

डोळा लागला असावा. कमरेला दोर आहे. ओला. गाठ मी मारलेली नाही. बोटांनी चाचपली. डावखुरी. एक वेढा जास्त.

लेटनची गाठ लेटननेच सोडायची, आणि लेटन—

दोर दाराखालून गेला आहे. ताणलेला. दुसऱ्या टोकाला वजन आहे.

कुऱ्हाड हाताशी आहे. एक घाव. उचलली.

हिसका.

दुसरा.

कापू शकतो. पण तिकडे जर तीन बोटांनी कुणी धरलं असेल, तर मग मी आणि व्होरहीज—

तिसरा.

कुऱ्हाड ठेवली. आई, तो एकटा नव्हता. नसेल. धरलाय मी, टोबी, ओढतो, मी ओ—